बदललेल्या ब्रीदरमधून ऑइल गळतंय? पाइपाचा रस्ता तपासा

मोटरसायकलच्या एअर फिल्टरचा डबा काढून उघडा कोन फिल्टर बसवला की ब्रीदरचा, म्हणजे इंजिनातला वायू बाहेर सोडणारा, पाइप निराधार होतो. आधी तो त्या डब्यात शिरायचा. आता चेसिसला बांधून खाली सोडलेला असतो आणि मागच्या टायरवर ऑइलचे शिंतोडे उडवतो.

यावर पाइपाला बूच मारायचा मोह होतो. मी एकदा मारलं. पाइप कोरडा राहिला, पण दोनच दिवसांत गिअर शाफ्टच्या सीलमधून ऑइल झिरपू लागलं. ३५० सीसीच्या एका सिलिंडरच्या इंजिनात पिस्टन खाली येताना क्रँककेसमधली, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पोकळीतली, जवळपास तेवढीच जागा व्यापतो, ४००० आरपीएमला मिनिटातून ४००० वेळा. शिवाय पिस्टनच्या रिंगांजवळून निसटलेला वायू असतोच. त्याला वाट हवीच.

१. ऑइलची पातळी बघा. गाडी सरळ उभी हवी, साइड स्टँडवर कललेली नको. डिपस्टिक आटे फिरवून मोजायची की नुसती टेकवून, हे पुस्तिकेत वाचा. इथेच फसगत होते आणि ऑइल जास्त भरलं जातं. वरच्या खुणेपलीकडचं काढून टाका.

२. पाइप ऑइल सोसणाऱ्या रबराचा घ्या, आतला व्यास मूळ पाइपाइतकाच. पाण्याचा पारदर्शक पाइप गरम इंजिनाजवळ आधी मऊ पडून चेपतो, मग कडक होऊन तडकतो.

३. खरी मेख इथे आहे. पाइप इंजिनापासून निघून जमेल तितका वर, टाकीखालपर्यंत चढवा. चढणीवर वाफ निवते, ऑइलचे थेंब होतात आणि उलटे इंजिनात उतरतात. मध्ये कुठे झोळ राहिला तर तिथे ऑइल साचतं आणि दाब ते पिचकारीसारखं बाहेर फेकतो. टाकी बसवा, हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवा आणि पाइप चेपत नाही ना, हे बोटांनी चाचपून बघा.

४. पाइपाच्या वरच्या टोकाला कॅच कॅन, म्हणजे ऑइल साठवणारा छोटा डबा, उभा बसवा, सायलेन्सरच्या पाइपापासून लांब. आत आडपडदा असलेला घ्या, नाहीतर वाफ सरळ आरपार जाते. बाहेरच्या तोंडावर छोटा फिल्टर लावा आणि तो अधूनमधून धुवा. तुंबला तर बुचासारखाच. साचलेलं दुधट पाणी परत इंजिनात ओतू नका.

एकमार्गी व्हॉल्व्ह लावणार असाल तर नवा असतानाच इंजिनाकडच्या तोंडातून फुंकून बघा. हवा पलीकडे गेली पाहिजे.

५. इंजिन पुसून कोरडं करा, सांध्यांवर टाल्कम पावडर भुरभुरा आणि वीसेक किलोमीटर फिरून या. पावडर जिथे ओली, तिथे गळती. पाइपाच्या तोंडाशी असेल तर क्लॅम्प बदला, शाफ्टपाशी असेल तर सील. सगळं कोरडं असूनही कॅन भराभर भरत असेल आणि निळसर धूर येत असेल, तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजून घ्या. रिंगा झिजल्या असतील तर पाइप कितीही बदलून उपयोग नाही.