सायकलवर थंडीपेक्षा घामाचा बंदोबस्त

हिवाळ्यात सायकलने ऑफिस गाठताना मला खरा त्रास घामाचा व्हायचा. सकाळच्या गारठ्यात जाड जॅकेट घालून निघावं, तर पहिला चढ संपेपर्यंत पाठ ओलीचिंब आणि उतारावर वारा लागला की हुडहुडी. सुती कपडा घाम धरून ठेवतो, त्यामुळे ही थंडी लवकर जात नाही.

आता अंगालगत पातळ पॉलिस्टरचा टी-शर्ट, त्यावर बिनअस्तराचं विंडचीटर, बस. निघताना थोडं गार वाटलंच पाहिजे. पायडल मारायला लागलं की अंग तापतं. चढाआधी झिप अर्धी खाली, उतारावर गळ्यापर्यंत वर. दुपारी ऊन चढलं की विंडचीटर घडी करून पिशवीत.

हातांचं मात्र वेगळं. ते हलत नाहीत आणि वारा थेट झेलतात. हवा ५ अंश आणि वारा ताशी २० किलोमीटर असला तर थंडी साधारण १ अंशाइतकी जाणवते. बोटं बधिर झाली की ब्रेक वेळेवर दाबला जात नाही, म्हणून हातमोज्यांत मी काटकसर करत नाही.

पारा एकदम उतरला की टायरमधला हवेचा दाबही कमी होतो. त्या सकाळी आधी पंप मारायचा, मग निघायचं.