नकाशा छापायला देताय? आधी रंगांचे आकडे बघा

एम. ए. भूगोलच्या दुसऱ्या वर्षाला मी खानदेशातल्या केळीच्या क्षेत्राचा तालुकावार नकाशा केला. जळगावचे १५, धुळ्याचे ४, नंदुरबारचे ६, असे २५ तालुके. पाच वर्ग, हिरव्याच्या पाच छटा. पडद्यावर तो इतका स्वच्छ दिसत होता की मी आईला हाक मारून दाखवला. छापून आला तेव्हा रावेर, यावल आणि चोपडा मिळून एकच काळपट ढेकूळ झालं होतं आणि धडगाव पांढरं पडलं होतं. सूचीत पांढरा म्हणजे ‘माहिती उपलब्ध नाही’. धडगावची माहिती माझ्याकडे होती, तक्त्यात मीच भरली होती. तिथे केळी कमी, एवढंच. ३०० प्रतींचा तो गठ्ठा बघून पोटात जो गोळा आला तो अजून आठवतो, म्हणून हे लिहितेय.

आरजीबी म्हणजे प्रकाश (पडद्यावरचा लाल, हिरवा, निळा; प्रत्येकी ० ते २५५) आणि सीएमवायके म्हणजे शाई (निळसर सायन, गुलाबी मॅजेंटा, पिवळा म्हणजे यलो, आणि काळा; प्रत्येकी टक्क्यांत), हे तुम्हाला माहीत असणार. मलाही होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. मी अडकले ती त्याच्या पुढच्या पायरीवर. क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमधून काढलेली पीडीएफ आरजीबीत होती. प्रेसने सीएमवायके आकडे मागितले. मी एका वेबसाइटवर आरजीबीचे आकडे टाकले, समोर आले ते उतरवून दिले. पाच मिनिटांत काम झालं याचा आनंदही झाला.

आता इथे जरा थांबते, कारण सगळं नुकसान याच पाच मिनिटांत झालं. अशा बहुतेक वेबसाइटी एक साधं गणित करतात. तीन आकड्यांतला सर्वांत मोठा घ्यायचा; तो २५५ पेक्षा जितका कमी, तितकी काळी शाई; उरलेला फरक सायन, मॅजेंटा आणि यलोत वाटायचा. माझी सर्वांत फिकट छटा होती २३७, २४८, २३३. गणिताने दिलं: सायन ४, मॅजेंटा ०, यलो ६, काळा ३. आता ४ टक्के सायन म्हणजे कागदावर काय? छपाईत फिकट छटा शाईच्या टिंबांनीच बनते, त्यामुळे विरळ, अतिबारीक टिंब. ते छपाईच्या प्लेटवर आणि कागदावर टिकतीलच असं नाही, आणि टिकले तरी मॅपलिथोच्या, म्हणजे चकाकी नसलेल्या साध्या कागदाच्या, अंगच्या रंगात हरवतात. धडगाव गेलं ते असं.

गडद टोकाला उलटं झालं. चौथी छटा ४९, १६३, ८४. तिचे झाले सायन ७०, यलो ४८, काळा ३६. पाचवी ०, १०९, ४४. तिचे सायन १००, यलो ६०, काळा ५७. पडद्यावर नुसत्या हिरव्या असलेल्या छटांमध्ये आता भरपूर काळी शाई शिरली. त्यात टिंब कागदावर पसरतो. गुळगुळीत आर्ट पेपरवर कमी, मॅपलिथोवर जास्त. ५० टक्क्यांचा टिंब ६५-७० टक्क्यांसारखा दिसू शकतो. चौथी छटा गडद होत पाचवीला जाऊन भिडली. चोपडा चौथ्या वर्गात होता, रावेर-यावल पाचव्या. वाचणाऱ्याला ते कळायला मार्गच उरला नाही.

गणित चुकलं नव्हतं. त्या गणिताला कागद माहीत नव्हता, शाई माहीत नव्हती, मशीन माहीत नव्हतं. सीएमवायकेचा आकडा म्हणजे किती शाई लावायची याचं माप. कोणत्या कागदावर ते ठरल्याशिवाय त्यातून कोणता रंग दिसेल हे सांगता येत नाही. कलर प्रोफाइल हीच माहिती पुरवते. म्हणून रूपांतर करायचंच असेल तर प्रेसला कोणती प्रोफाइल ते विचारून, सॉफ्टवेअरमध्ये ती लावून करा.

सगळ्यात जिव्हारी लागलं ते वेगळंच. माझी पॅलेट, म्हणजे छटांचा संच, कलरब्रूअर या वेबसाइटची होती. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाच्या सिंथिया ब्रूअर यांनी ते खास नकाशांसाठी केलं. त्याच पानावर सीएमवायकेचे वेगळे आकडे मिळतात आणि छपाईला चालणाऱ्या पॅलेट गाळून बघायची सोयही आहे. मी तिकडे पाहिलंच नाही. तेही आकडे डोळे मिटून घेऊ नका. सुरुवात मात्र तिथूनच करा.

मार्गदर्शकांबद्दल माझं मत आता पक्कं आहे. ‘रंगाचं प्रेसवाला बघून घेईल’ असं सांगणाऱ्या सरांनी स्वतःचा नकाशा कधी छापून घेतलाय का, हे आधी विचारा. मला शिकवलं ते मशीनवरच्या आप्पांनी. नख कागदावर फिरवून ते म्हणाले, ‘ताई, हाऊ कागद शाई पी जास.’ म्हणजे हा कागद शाई पिऊन टाकतो. वर्गात दोन वर्षांत जे डोक्यात शिरलं नव्हतं ते त्या एका वाक्यात शिरलं.

घाबरून जाऊ नका, उपाय महाग नाही. पाच चौकोनांची एक पट्टी करा, प्रत्येकात एक छटा. ज्या कागदावर नकाशा छापणार त्याच कागदाचा दुसरा कुणाचा जॉब मशीनवर जाणार असेल, तर कापल्या जाणाऱ्या कडेला ती पट्टी बसवून द्याल का, असं प्रेसमध्ये विचारा. काही जण हो म्हणतात. डिजिटल प्रिंट काढून समाधान मानू नका, ते मशीन वेगळं. पट्टी वाळू द्या, कारण मॅपलिथोवर शाई वाळली की रंग मंदावतो, आणि मग दिवसाच्या उजेडात बघा. पहिली छटा कागदापासून सुटी दिसली नाही तर टिंट, म्हणजे शाईची टक्केवारी, वाढवा. मी आता १० टक्क्यांच्या खाली जात नाही. शेवटच्या दोन वेगळ्या कळत नसतील तर पाचाचे चार वर्ग करा. ‘माहिती नाही’साठी पांढरा ठेवूच नका, तिरप्या रेषा द्या. गावांची नावं फक्त काळ्या शाईत आहेत ना, तेही बघा. चार शाईंचा काळा रजिस्ट्रेशन, म्हणजे शाया एकमेकींवर नेमक्या बसणं, जरा हललं की बारीक अक्षरांना भुतासारखी सावली देतो.

छापाचे आकडे ठरले की पडद्यासाठीचे आरजीबी पट्टी शेजारी धरून डोळ्यांनी जुळवा. दोन्हीकडे हुबेहूब तोच रंग येणार नाही, आणि यायची गरजही नाही. पाच पायऱ्या दोन्हीकडे पाच दिसल्या पाहिजेत.

आणि प्रती आधीच छापून आल्या असतील, तर रद्दीत घालू नका. मी २५ तालुक्यांचे वर्गक्रमांक एका चिठ्ठीवर छापले आणि दोन संध्याकाळी बसून प्रत्येक प्रतीत नकाशाशेजारी चिकटवले. धडगावसमोर १ लिहिलेलं आहे.