वाचनालयात कार्यक्रम घेताय? मग या चुका टाळा

तासगाव भागातल्या एका छोट्या वाचनालयाच्या कार्यकारिणीत मी बरीच वर्षं आहे. दोन खोल्या, काचेच्या दारांची सात कपाटं, पेपर वाचायला दोन लांब बाकडी आणि एक अर्धवेळ ग्रंथपाल, एवढाच पसारा. एका वर्षी आम्ही वाचन प्रेरणा दिन अगदी थाटात केला. मांडव, फ्लेक्स, दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, वक्तृत्व स्पर्धा, आणि मुलांनी भरलेलं अंगण. कार्यक्रम आटोपला, खुर्च्या उचलायला सुरुवात झाली, तेवढ्यात पाचवी-सहावीतली एक मुलगी जवळ आली. एका हातात बक्षिसाचं प्रमाणपत्र, दुसऱ्या हाताचं बोट कपाटाच्या काचेवर. "काका, ह्यातलं घरी न्यायला मिळतंय का?"

कपाटाला कुलूप होतं. किल्ली ग्रंथपालांच्या खिशात, आणि ग्रंथपाल पाहुण्यांना एसटीत बसवायला स्टँडवर गेलेले. मी म्हटलं, "सोमवारी ये, बाळ." ती सोमवारी आली नाही. पुढंही कधी दिसली नाही.

ती गोष्ट माझ्या मनातून जात नाही. आजूबाजूच्या वाचनालयांतले कार्यक्रम पाहतो तेव्हा तीच चूक पुन्हा पुन्हा दिसते, म्हणून हे लिहितोय.

कार्यक्रमाच्या दिवशी देवघेव बंद

ही सगळ्यात मोठी चूक. पोरं-बाया-माणसं वर्षातून एकदा आपल्या दारात येतात आणि नेमकं त्याच दिवशी आपण पुस्तक देत नाही, कारण सगळे पाहुण्यांच्या मागं. डॉ. रंगनाथन यांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. त्यांतलं पहिलंच सूत्र सांगतं की पुस्तकं वापरण्यासाठी असतात. 12 ऑगस्टला, त्यांच्या जयंतीला, आपण त्यांच्या फोटोला हार घालतो आणि कपाटाला कुलूप तसंच ठेवतो, याचं मला फार वाईट वाटतं.

उपाय साधा आहे. एका माणसाला फक्त देवघेवीच्या टेबलावर बसवा. त्याला स्टेजवर बोलावायचं नाही, सत्काराला उठवायचं नाही. कपाटातली पन्नास-साठ चांगली पुस्तकं आधीच काढून टेबलावर उताणी मांडा, म्हणजे मुखपृष्ठ दिसेल. कण्यावरचं बारीक नाव वाचून पुस्तक निवडायची सवय नव्या वाचकाला नसते. शेजारी कोरे सभासद अर्ज आणि पेन ठेवा. आभार प्रदर्शनानंतर लोक निघून जातात, म्हणून कार्यक्रमाच्या आधी अर्धा तास आणि मध्ये चहाच्या वेळी टेबल चालू ठेवा. इतिवृत्तात "कार्यक्रमास बहुसंख्येने उपस्थिती होती" असं लिहून थांबू नका. त्या दिवशी किती पुस्तकं घरी गेली आणि त्यातली किती बदलून नेली, हे दोन आकडे लिहा. पहिल्या वर्षी ते लहान येतील. येऊ द्या.

"पोरं पुस्तकं हरवतात" ही भीती

कुलूप लागतं ते याच भीतीनं. पुस्तकं हरवतात, खरं आहे. पण बारा वर्षं कपाटात राहून कसर लागलेलं पुस्तकही गेलंच ना? आमच्याकडं बालविभागाची अनामत मुलांना अडसर ठरत होती. घरात तीन भावंडं असली की तिघांची अनामत भरणं मजुरी करणाऱ्या घराला जमत नाही. कार्यकारिणीत ठराव करून आम्ही ती काढून टाकली. नाव, शाळा, इयत्ता आणि घरच्या मोठ्या माणसाची सही, एवढ्यावर एक पुस्तक आठ दिवसांसाठी. उशीर झाला तर दंड घेत नाही. दंड साठला की मूल पुस्तकासकट यायचंच बंद होतं. पुस्तक फाटलं तर आणून दाखवायचं, आपण मिळून चिकटवू, हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवतो. चिकटवायला खळ आणि पातळ कागद वापरा. सेलोटेप दोन पावसाळ्यांत पिवळी पडते आणि कागद घेऊन निघते.

तारीख पंचांगात बघितली, शिवारात बघितलीच नाही

15 ऑक्टोबर, डॉ. अब्दुल कलामांचा जन्मदिन, 2015 पासून वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होतो. आमच्या भागात त्याच सुमारास द्राक्षबागांची फळछाटणी ऐन भरात असते. छाटणी, काडीवरच्या डोळ्यांना पेस्ट, मग विरळणी. बाया सकाळी डबा घेऊन बागेत जातात त्या दिवस मावळताना येतात. शाळांची सहामाही परीक्षाही तोंडावर असते. अशा दिवशी दुपारी तीनला "महिला वाचक मेळावा" ठेवायचा आणि मग बायकांना वाचनाची आवड नाही असं म्हणायचं, हे बरोबर नाही.

दिवस पाळायचा तर शाळेत तासाभराचा पाळा. वाचनालयाचा मोठा उपक्रम मात्र आपल्या पिकाच्या वेळापत्रकाप्रमाणं ठेवा. ऊसपट्ट्यात कारखाना चालू असताना वेगळं, हळदीच्या भागात वेगळं, माण-खटावकडं आणखी वेगळं. आमच्याकडं जून-जुलैची रात्री साडेआठची वेळ लागू पडली. जेवणं झालेली असतात, बाहेर पावसाची भुरभुर असते, बाया मुलांना घेऊन येतात. बायकांसाठी आम्ही पुस्तकांची भिशी सुरू केली. दरमहा ठरावीक रक्कम, जिचं नाव निघेल तिच्या पसंतीचं पुस्तक घ्यायचं आणि ते वर्षभर सगळ्यांत फिरवायचं. भिशी कशी चालते ते कुणाला समजवावं लागलं नाही.

आपल्या मातीतल्या तारखा विसरणं

अण्णा भाऊ साठे वाटेगावचे, जन्म 1 ऑगस्ट 1920. ग. दि. माडगूळकर आटपाडी तालुक्यातल्या शेटफळ्याचे, 1 ऑक्टोबर 1919. 5 नोव्हेंबरचा मराठी रंगभूमी दिन सांगलीतच 1843 साली विष्णुदास भाव्यांनी केलेल्या नाट्यप्रयोगाची आठवण. साताऱ्याकडं सावित्रीबाईंचं नायगाव, 3 जानेवारी 1831. या दिवशी भाषण ठेवण्याऐवजी वाचून दाखवा. त्या त्या लेखकाची दहा-बारा पानं, आवाजी, सावकाश.

वाचून दाखवण्याचा फायदा असा की अक्षरओळख नसलेली माणसंही येऊन बसतात. एकदा नववीतला मुलगा एक जुनी ग्रामीण कथा वाचत होता. "सोंदूर" शब्दावर तो अडला. कुणालाच सांगता येईना. मागं भिंतीला टेकून बसलेले एक आजोबा उठले, खांद्यावरचा टॉवेल काढला, त्याची मोटेसारखी, म्हणजे बैलांनी विहिरीतलं पाणी ओढायच्या चामडी पिशवीसारखी, पिशवी केली आणि दोन पोरांना पुढं बोलावलं. एकाच्या हातात वरचं टोक, हा नाडा. दुसऱ्याच्या हातात खालच्या सोंडेचं, हा सोंदूर. "आता बैल धावंवरनं खाली चाललं बघा," म्हणून त्यांनी पोरांना ओढायला लावलं. सोंदूर ताणला तसं टॉवेलाचं तोंड पुढं उलगडलं. "हितनं पाणी थारोळ्यात." पुढची दहा मिनिटं कथा थांबली आणि कुणाची काही तक्रार नव्हती. ते आजोबा आता दर वाचनाला असतात, वेळेच्या आधी.

चार वर्षांचं पोर आणि नववीचा मुलगा एकाच सतरंजीवर

लहानाला कंटाळा येतो, मोठ्याला लाज वाटते, दोघंही गडबड करतात आणि आपण म्हणतो मुलं बसत नाहीत. सातवी-आठवीच्या मुलांना लहानांसाठी वाचायला सांगा. त्यांनी आधी दोनदा मोठ्यानं सराव करायचा, चित्र सगळ्यांना दिसेल असं पुस्तक धरायचं, वीस मिनिटांत उरकायचं. चित्रांची पुस्तकं नसतील तर प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठी गोष्टी मोफत आहेत, छापूनही घेता येतात. मोठ्यांसाठी बालभारतीच्या 'किशोर'चे जुने अंक बाहेर काढा. खोली लहान असेल तर माइक लावू नका. पत्र्याखाली माइकचा आवाज घुमतो आणि गोष्ट कळत नाही.

पाऊस पत्र्यावर पडायला लागला तर मात्र वाचन थांबवून ज्याचं त्यानं मनात वाचायचं. आमच्याकडं हे ठरलेलंच आहे.

भिलारची सहल, पण फोटोपुरती

महाबळेश्वरजवळचं भिलार 4 मे 2017 पासून पुस्तकांचं गाव आहे. लोकांच्या घरांत पुस्तकं मांडलेली असतात आणि कुणीही जाऊन वाचत बसावं. शाळेची गाडी तिथं जाते, एकेका घरासमोर पाच मिनिटं, फोटो, स्ट्रॉबेरी, परत. मुलांना एकाच घरात दीड-दोन तास सोडा. परतल्यावर आपल्या वाचनालयात काय बदलता येईल ते त्यांनाच विचारा. आमच्या मुलांनी सांगितलं, "कपाटाची दारं काढा." दोन कपाटांची काढली.

देणगी म्हणून येईल ते घेणं

जुनी गाइडं, तीन वर्षांपूर्वीच्या स्पर्धा परीक्षांचे संच, कव्हर नसलेल्या कादंबऱ्या. नको म्हणायला संकोच वाटतो आणि जागा भरते. काय हवं त्याची यादी दारावर लावा आणि देणाऱ्याला प्रेमानं ती दाखवा. घेतलेलं पुस्तक त्याच आठवड्यात दाखल नोंदवहीत चढवा, नाहीतर पोती कोपऱ्यात बसतात आणि तिथूनच वाळवी सुरू होते.

तीनच जण आले म्हणून रद्द करणं

कधीही करू नका. जो पाऊस झेलत आला त्याला बंद दार दिसलं की तो दहा जणांना सांगतो. आमचं शनिवारचं वाचन दोन महिने चार-पाच जणांवर चाललं. वार बदलला नाही, वेळ बदलली नाही. वाचणारा आजारी पडला तर कोण वाचणार ते आधीच ठरवून त्या माणसाकडं पुस्तक देऊन ठेवा.

आणि कपाटाची दुसरी किल्ली करून घ्या. आमची आता पेपरच्या बाकड्यामागं खिळ्याला असते, सगळ्यांना माहीत असलेल्या जागी.