हत्तीची टूथपेस्ट: या चुका टाळा, फेस येईलच

"सगळं सांगितल्याप्रमाणे केलं, पण फेसच आला नाही." हत्तीची टूथपेस्ट, म्हणजे बाटलीतून टूथपेस्टसारखा जाड फेस बाहेर काढायचा प्रयोग, करून बघणाऱ्यांकडून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की पुढचा प्रश्न ठरलेलाच असतो: यीस्ट कशात कालवलं होतं? उत्तरही बहुतेकदा तेच येतं. गरम पाण्यात.

आधी माझं माप सांगते. अर्ध्या लिटरची अरुंद तोंडाची बाटली, ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड १०० मिली, भांडी घासायचं लिक्विड एक मोठा चमचा. वेगळ्या वाटीत दोन लहान चमचे कोरडं यीस्ट आणि तीन मोठे चमचे कोमट पाणी. बाटली पसरट ताटात ठेवायची.

आता त्या गरम पाण्याबद्दल. एकदा दहा-बारा मुलं गोल करून बसली होती. मदतीला आलेल्या एका बाबांनी यीस्ट लवकर विरघळावं म्हणून वाटीत उकळतं पाणी ओतलं. मी बाटली पुसत होते, माझ्या लक्षातच आलं नाही. मिश्रण बाटलीत गेलं, साबणाचे चार बुडबुडे आले आणि संपलं. सगळ्यांत पुढे बसलेली मुलगी "आता येईल का?" असं दर मिनिटाला विचारत होती. तिचा तो चेहरा मी विसरलेले नाही.

यीस्टमध्ये कॅटालेज नावाचं विकर (एन्झाइम) असतं. पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन असं विघटन ते झपाट्याने घडवतं, साबण तो ऑक्सिजन धरून ठेवतो आणि फेस होतो. विकर म्हणजे प्रथिन. उकळत्या पाण्यात त्याची रचना बिघडते, मग पाणी निवलं तरी ते कामाला येत नाही. म्हणून पाणी ४० अंशांच्या आसपासच हवं. मी थर्मामीटर वापरत नाही. मनगटाच्या आतल्या बाजूवर थेंब टाकते. नुसती ऊब जाणवली, चटका नाही, की पाणी ठीक. त्या दिवशी नवं यीस्ट कोमट पाण्यात कालवलं, पाच मिनिटं थांबलो, आणि त्याच बाटलीतून फेस ताटात उतरला.

साखर घालून यीस्ट फुगवत बसू नका. इथे आंबवण्याशी काही संबंध नाही. गुठळ्या मोडल्या की झालं.

तरीही फेस नसेल तर दोष कुणाचा ते आधी शोधा, उगाच सगळं ओतून देऊ नका. कच्च्या बटाट्याच्या ताज्या कापावर पेरॉक्साइडचे दोन थेंब टाका. बटाट्यातही कॅटालेज असतं. बुडबुडे आले तर पेरॉक्साइड चांगलं आहे, यीस्टचं पाणी पुन्हा करा. काहीच नाही आलं तर बाटली जुनी झाली असणार. प्रकाशाने आणि उष्णतेने पेरॉक्साइड हळूहळू विघटित होतं, म्हणूनच ते गडद बाटलीत मिळतं. पारदर्शक बरणीत काढून ठेवलेलं माझ्याकडे आणू नका.

रुंद तोंडाचा डबा घेतला तर फेस वर चढण्याऐवजी आतच पसरून बसतो. यीस्ट सगळ्यात शेवटी, एका दमात ओता. नरसाळं लगेच काढा.

व्हिडिओत छताला भिडणारे कारंजे दिसतात आणि मुलं तेच मागतात. ते ३० टक्के किंवा त्याहूनही तीव्र पेरॉक्साइडचं काम आहे आणि ते घरात आणायचंच नाही, यावर माझ्याशी कुणी वाद घालू नये. प्रयोगशाळेत काम करताना त्याचा एक थेंब माझ्या बोटावर पडला होता. कातडी पांढरीफटक पडली आणि कितीतरी वेळ चुणचुणत राहिली. तोच थेंब मुलाच्या डोळ्यात गेला असता तर? ३ टक्क्यांच्या १०० मिलीतून जवळपास एक लिटर ऑक्सिजन निघतो. अर्ध्या लिटरच्या बाटलीतून फेस बाहेर यायला तो पुरेसा आहे. तो सावकाश, जाड वळ्यांनी येतो, आणि खरं तर तसाच बघायला छान दिसतो. धीर नाही म्हणून तीव्रता वाढवायची, हा आळशीपणा आहे.

बाटलीला बूच कधीही लावू नका, उरलेल्या मिश्रणालासुद्धा नाही. आत ऑक्सिजन साठत राहतो आणि बाटली फुटते.

"यीस्ट नाही, व्हिनेगर घालू का?" असं विचारणारे भेटतात. अजिबात नाही. व्हिनेगर आणि खायचा सोडा हा वेगळा प्रयोग आहे, त्यात कार्बन डायऑक्साइड निघतो. पेरॉक्साइडमध्ये व्हिनेगर मिसळलं तर पेरॲसिटिक आम्ल तयार होतं, आणि ते डोळ्यांना, घशाला झोंबतं.

मोठं माणूस शेजारी हवं, मुलांच्या डोळ्यांवर संरक्षक गॉगल हवा. फेसात थोडं पेरॉक्साइड उरलेलं असतं, तेव्हा तोंडाला लावायचा नाही. फेस ओसरला की बाटलीला बाहेरून हात लावायला सांगा. ती कोमट लागते, कारण या विघटनात उष्णता बाहेर पडते. बहुतेक मुलं फेस बघून पळतात. जे थांबतात, ते दोन्ही हातांनी बाटली धरून विचारतात, "ही गरम कुणी केली?"