सामुदायिक रेडिओ काढताय? आधी तीन वर्षांचे कागद, मग तासातली बारा मिनिटं

सामुदायिक रेडिओ, म्हणजे संस्थेने आपल्या परिसरातल्या लोकांसाठी चालवलेलं छोटं रेडिओ केंद्र, काढायचं ठरलं की बऱ्याच संस्था पहिल्यांदा ट्रान्समीटरची कोटेशनं मागवतात. ते सगळ्यात शेवटचं काम. अर्ज करतेवेळी संस्थेची नोंदणी किमान 3 वर्षं जुनी हवी आणि त्या काळात त्याच परिसरातल्या लोकांसाठी काय केलं, हे कागदावर दाखवता यायला हवं. त्यामुळे वार्षिक अहवाल, लेखापरीक्षित ताळेबंद, बैठकांची इतिवृत्तं, उपक्रमांचे तारखेसह फोटो आजपासूनच फाइलला लावा. काम खूप आणि नोंद शून्य, अशा संस्थांची अडचण इथेच होते.

सोसायटी, सार्वजनिक न्यास, कंपनी कायद्याच्या कलम 8 खालची (नफ्यासाठी नसलेली) कंपनी, विद्यापीठं, महाविद्यालयं, कृषी विज्ञान केंद्रं यांना अर्ज करता येतो. एकट्या व्यक्तीला, नफ्यासाठी चालणाऱ्या संस्थेला किंवा राजकीय पक्षाला करता येत नाही. पक्षाशी संलग्न विद्यार्थी, महिला किंवा कामगार संघटनाही यातून बाद होतात.

अर्ज माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या ‘ब्रॉडकास्ट सेवा’ पोर्टलवर भरायचा. खासगी संस्थांच्या बाबतीत गृह, संरक्षण अशा मंत्रालयांची मंजुरी लागते आणि दूरसंचार खात्याच्या डब्ल्यूपीसी (लहरींचं वाटप करणाऱ्या) शाखेकडून फ्रिक्वेन्सी मिळावी लागते. मग हातात पडतं ते इरादापत्र, म्हणजे लेटर ऑफ इंटेंट. ते म्हणजे प्रसारणाची परवानगी नव्हे! फेब्रुवारी 2024 च्या सुधारित धोरणानुसार त्याची मुदत 1 वर्ष, आणि अपरिहार्य कारण असेल तर वर 3 महिने. एवढ्यात ‘सॅकफा’ मंजुरी (मनोऱ्याच्या जागेला लागणारी), बँक हमी, मंत्रालयाबरोबरचा करार आणि वायरलेस ऑपरेटिंग लायसन्स (यंत्रणा चालवण्याचा परवाना), सगळं व्हायला हवं. पहिल्या करारात 10 वर्षांची परवानगी मिळते.

अक्षांश-रेखांश भरताना डोळ्यांत तेल घाला. 17.50 अंश म्हणजे 17 अंश 30 मिनिटं. ते 17 अंश 50 मिनिटं असं लिहिलं, तर तुमचा मनोरा कागदावर सदतीस किलोमीटर दूर जाऊन उभा राहतो. अर्ज, नकाशा आणि सॅकफाचा फॉर्म या तिन्हींत आकडे अक्षरशः एकच हवेत. अँटेनाची उंची जमिनीपासून किमान 15 मीटर आणि कमाल 30 मीटर.

ताकदीचा हिशेबही इथेच चुकतो. मर्यादा 100 वॉटची आहे, पण ती ट्रान्समीटरवर छापलेल्या आकड्याला नाही, अँटेनातून बाहेर पडणाऱ्या परिणामी शक्तीला आहे. अँटेना शक्ती एका दिशेला एकवटून वाढवते, त्याला गेन म्हणतात. 50 वॉटचा ट्रान्समीटर 3 डेसिबल गेनच्या अँटेनाला जोडला की शक्ती दुप्पट होते. केबलमधली घट वजा केली तरी मर्यादेच्या जवळ पोचते. 100 वॉटचा सेट घेऊन त्याला तीच अँटेना लावली तर नियमभंग झालाच. म्हणून फ्रिक्वेन्सी हाती येण्याआधी यंत्रखरेदी नको. एवढ्या शक्तीत साधारण 5 ते 10 किलोमीटरचा परिसर मिळतो, मध्ये डोंगर असेल तर कमी.

नव्या धोरणात सल्लागार व आशय समिती बंधनकारक आहे आणि तिच्यात निम्म्या महिला हव्यात. ही समिती नावापुरती ठेवू नका. किमान 50 टक्के कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून व्हायला हवेत, आणि ते कोण करणार हे याच समितीत ठरतं. स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. आकाशवाणीचं बातमीपत्र मूळ रूपात किंवा बोलीत भाषांतर करून देता येतं. पाणी कधी सुटणार, वीज कधी जाणार, हवामान, परीक्षेचे निकाल, नोकरभरती, साथीची सूचना ही मात्र ‘बातमी’ धरली जात नाही. हे खूप मोकळं रान आहे, ते पुरेपूर वापरा.

आता जाहिराती. पूर्वी तासाला 7 मिनिटांची मुभा होती. 2024 पासून ती 12 मिनिटं झाली. सरकारी जाहिरातीचा दर 10 सेकंदांना 52 रुपयांवरून 74 रुपये झाला. 12 मिनिटं म्हणजे 720 सेकंद, म्हणजे 10 सेकंदांचे 72 तुकडे. सगळे त्या दराने भरले तर तासाला 5,328 रुपये. हा आकडा अंदाजपत्रकात उत्पन्न म्हणून टाकू नका. रोजच्या रोज सगळे तुकडे भरतील असं धरून चालणं धोक्याचं. अंदाजपत्रक आधी स्थानिक जाहिरातींवर उभं करा: पंप दुरुस्ती, रोपवाटिका, दवाखाना, शिकवणी. मुभाही मुळात अशा स्थानिक व्यवसाय, सेवा, कार्यक्रम आणि रोजगारासाठीच आहे.

मर्यादा तासाची आहे, दिवसाची नाही. सकाळी 4 मिनिटंच वाजवली म्हणून उरलेली 8 संध्याकाळच्या 12 मध्ये मिळवता येत नाहीत. सकाळचं प्रसारण रात्री पुन्हा लावता, तेव्हा त्यातली जाहिरात त्या तासात पुन्हा मोजा. जाहिरातींचं वेळापत्रक तासाला 10 मिनिटांवर थांबवा. सणासुदीला आयत्या वेळी येणाऱ्या जाहिरातीला जागा राहते आणि निवेदक दोन वाक्यं जास्त बोलला तरी मर्यादा ओलांडली जात नाही.

प्रायोजित कार्यक्रमांचा नियम वेगळा आहे. केंद्र किंवा राज्य सरकार आणि इतर संस्था लोकहिताच्या माहितीसाठी कार्यक्रम प्रायोजित करू शकतात. दुकानदाराच्या नावाने अर्ध्या तासाचा गाण्यांचा कार्यक्रम त्यात बसत नाही. त्याला जाहिरातीचीच वेळ विका. आकाशवाणीची कार्यक्रम व जाहिरात संहिता इथेही लागू आहे: दारू, तंबाखू, चमत्कारी औषधं, धार्मिक किंवा राजकीय हेतूची जाहिरात नको. मधुमेह कायमचा बरा करतो म्हणणाऱ्या वैद्याला, तो कितीही ओळखीचा असला, तरी नाहीच म्हणा. त्याच्यावर विश्वास ठेवून गोळ्या बंद करणारी माणसं तुमचेच श्रोते असतील.

केंद्राचं खातं वेगळं ठेवा. मिळकत आधी केंद्राच्या चालू आणि भांडवली खर्चालाच जाते. उरलेली रक्कम संस्थेच्या मूळ कामाला वळवायची असेल तर मंत्रालयाची लेखी मंजुरी लागते. परदेशी देणगी घेताना एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा, पाहावाच लागतो.

प्रत्येक कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण 3 महिने जपायचं आहे. तासागणिक वेगळी फाइल, नावात तारीख आणि वेळ, आणि दुसऱ्या हार्ड डिस्कवर एक प्रत. शेजारी जाहिरातीची नोंदवही: सुरू झाल्याची वेळ, सेकंद, जाहिरातदार, पावती क्रमांक. तक्रार आली की त्या दिवसाचा तो तास पाच मिनिटांत काढून देता आला पाहिजे, कारण पहिल्या उल्लंघनाला 1 महिन्यापर्यंत आणि दुसऱ्याला 3 महिन्यांपर्यंत परवानगी निलंबित होऊ शकते. त्यापुढे ती रद्दच होते.