इटलीच्या सहलीत जोडीदार आजारी पडला तर काय करावे

रोमला तीन रात्री, फ्लॉरेन्सला दोन, व्हेनिसला दोन आणि मिलानहून परत, असा आपल्याकडच्या पुष्कळ जोडप्यांचा इटलीचा बेत असतो. त्यात एकही दिवस मोकळा ठेवलेला नसल्यामुळे दोघांपैकी एकाला ताप किंवा जुलाब सुरू झाले की सगळा बेत एका दिवसात कोलमडतो. आम्ही ऑक्टोबरमध्ये गेलो होतो, तेव्हा रोममधल्या तिसऱ्या रात्री माझ्या यजमानांना थंडी वाजून ताप भरला. सकाळी त्यांना गोळी दिली आणि दोन्ही बॅगा ओढत मी त्यांना फ्लॉरेन्सच्या गाडीत बसवले. प्रवास अवघा दीड तासाचा होता; परंतु स्थानकापर्यंतची पायपीट, फलाटावरचा ताटकळा आणि खोली दुपारी तीनशिवाय मिळणार नव्हती म्हणून हॉटेलच्या बाकावर काढलेले चार तास, या सगळ्याने साधे दुखणे अंगावर आले. म्हणून पहिली गोष्ट हीच सांगते, की ताप असताना गाव बदलू नये.

त्यासाठी सकाळी खोली सोडण्याची वेळ होण्याआधीच स्वागतकक्षात जाऊन, माणूस आजारी आहे आणि आणखी दोन रात्री हीच किंवा दुसरी एखादी खोली मिळेल का, असे विचारावे. भाड्याच्या फ्लॅटमध्ये उतरला असाल तर घरमालकाला रात्रीच निरोप पाठवावा, कारण साफसफाई करणारी माणसे सकाळी दहाला दारात उभी राहतात. पुढच्या हॉटेलला आणि रेल्वेलाही त्याच वेळी कळवावे. वेगवान गाड्यांची सर्वांत स्वस्त तिकिटे सहसा बदलून मिळत नाहीत आणि त्यांचे पैसेही परत येत नाहीत. हा खर्च तुम्ही प्रवास केला तरी झालेला आहे आणि नाही केला तरी झालेला आहे, त्यामुळे तो वसूल करण्यासाठी आजारी माणसाला उठवू नये. कोणते शहर गाळायचे हे ठरवताना परतीचे विमान कुठून आहे एवढेच पाहावे. रोमहून मिलानला थेट वेगवान गाडी साधारण तीन ते साडेतीन तासांत पोहोचते, त्यामुळे मधली दोन्ही शहरे सोडली तरी विमान चुकत नाही. व्हेनिस राहिले याची हळहळ वाटणारच, पण अर्धवट बऱ्या माणसाला तिथल्या पुलांच्या पायऱ्यांवरून चढवत-उतरवत नेण्यापेक्षा ती हळहळ परवडते.

आता दुखण्याकडे वळू. थर्मामीटर घरूनच न्यावा, आणि तो फॅरनहाइटमध्ये आकडा दाखवणारा असेल तर कोष्टक सोबत लिहून ठेवावे, कारण तिथे प्रत्येक जण सेल्सिअसमध्ये विचारतो. ३८ म्हणजे आपला १००.४, ३८.५ म्हणजे १०१.३ आणि ३९ म्हणजे १०२.२. ताप, घेतलेली गोळी आणि वेळ या तीन गोष्टी एका कागदावर मांडत जाव्यात. पुढे डॉक्टरांशी भाषा जुळत नसली तरी तो कागद वाचता येतो.

इटलीत पहिला आधार औषधांच्या दुकानाचा असतो. दारावर हिरवा क्रॉस लखलखत असतो आणि त्याला ‘फार्माचीया’ म्हणतात. तिथला फार्मासिस्ट पदवीधर असतो, दुखणे नीट ऐकून घेतो, आणि हे आपल्या हातचे नाही, डॉक्टरकडे जा, असे सांगायलाही कचरत नाही. आपल्याकडे ओळखीच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक मिळून जाते. तिथे ते डॉक्टरांच्या चिठ्ठीविना, म्हणजे ‘रिचेत्ता’विना, मिळत नाही, तेव्हा त्यासाठी हुज्जत घालू नये. ‘पाराफार्माचीया’ अशी पाटी असलेल्या दुकानात चिठ्ठीची औषधे मिळतच नाहीत. छोटी दुकाने दुपारी बंद असतात, परंतु रात्री आणि सुटीच्या दिवशी कोणते दुकान पाळीने उघडे आहे याची सूचना बंद दुकानाच्या दारावर लावलेली असते. ‘दि तुर्नो’ हे शब्द शोधावेत.

बोलताना आपल्या ब्रँडचे नाव उपयोगाचे नसते, औषधाचे मूळ नाव लागते. पॅरासिटामॉल तिथे ‘ताकिपिरीना’ या नावाने घरोघरी असते आणि ५०० व १००० मिलिग्रॅममध्ये येते. आपली ६५०ची गोळी आणि तिथली गोळी एकाच औषधाच्या आहेत हे लक्षात न आल्यास मात्रा दुप्पट होते. सर्दी-तापाच्या पाण्यात विरघळवून घ्यायच्या पुड्यांतही पुष्कळदा पॅरासिटामॉलच असते, म्हणून घरून आणलेली पाकिटे फार्मासिस्टपुढे ठेवावीत आणि कशासोबत काय चालेल ते विचारावे. मोडक्या उच्चारातले चार शब्दही पुरतात: ‘मिओ मारीतो’ म्हणजे माझा नवरा, ‘मिया मोल्ये’ म्हणजे माझी बायको, ‘फेब्ब्रे’ म्हणजे ताप, ‘वोमितो’ म्हणजे उलटी, ‘दिआरेआ’ सांगायला नको. एखाद्या औषधाची ॲलर्जी असेल तर ती मात्र उच्चारावर सोडू नये, इटालियनमध्ये लिहून पासपोर्टच्या वेष्टनात ठेवावी. मला भेटलेल्या बाईंनी माझा तापाचा कागद वाचला, खोक्याच्या पाठीवर पेनाने ‘८ तासांनी १’ असे आकड्यांत लिहिले, ते मला बोट ठेवून दाखवले आणि तीन बोटे वर करून तिसरा दिवस, डॉक्टर, असे समजावले. तेवढ्यानेच माझा जीव भांड्यात पडला.

डॉक्टर गाठण्याचे मार्ग तीन. हॉटेलला सांगून खासगी डॉक्टरांना खोलीवर बोलावता येते. फी किती ते आधी विचारावे आणि पावती नावानिशी घ्यावी. त्या पावतीवर दोन युरोचे मुद्रांक दिसले तर गोंधळू नये, ७७.४७ युरोंच्या वरच्या अशा बिलांवर ते लावायचा तिथे नियम आहे. दुसरा मार्ग ‘ग्वार्दिया मेदिका’चा, म्हणजे रात्री आणि सुटीच्या दिवशी तातडीच्या नसलेल्या दुखण्यासाठी असलेल्या सरकारी डॉक्टरांचा, अनेक प्रांतांत त्यासाठी ११६११७ हा क्रमांक चालतो. पर्यटकांची गर्दी असलेल्या काही ठिकाणी हंगामात पर्यटकांसाठी वेगळी सोयही असते. तिसरा मार्ग इस्पितळाच्या आपत्कालीन विभागाचा, ज्याला ‘प्रोन्तो सोकोर्सो’ म्हणतात.

छातीत दुखणे, धाप लागणे, तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे, शुद्ध हरपू लागणे, उलटीत वा शौचात रक्त, मान आखडून प्रखर डोकेदुखी, किंवा जुलाब-उलट्यांनी लघवी जवळजवळ थांबणे, यांपैकी काहीही दिसले तर फार्मासिस्टकडे न जाता ११२ लावावा. पत्ता सांगताना घराचा क्रमांक, मजला आणि दारावरच्या घंटीवरचे नाव ही तिन्ही सांगावीत, कारण जुन्या इमारतींत मोठ्या दाराआड दहा घरे असतात.

तिथल्या इस्पितळांबद्दल मनात भीती बाळगू नये. इटलीची सार्वजनिक आरोग्यसेवा १९७८च्या कायद्याने उभी राहिली आणि तातडीचे उपचार परदेशी माणसालाही मिळतात; बिल नंतर येते. फ्लॉरेन्समध्ये कॅथेड्रलपासून चार पावलांवर असलेले सान्ता मारिया नुओवा हे इस्पितळ १२८८ साली इटालियन कवी दान्ते याच्या काव्यातल्या प्रेयसीचे, बेआत्रीचेचे, वडील फोल्को पोर्तिनारी यांनी स्थापन केले आणि आजही ते त्याच ठिकाणी चालू आहे. व्हेनिसमध्ये रुग्णवाहिका म्हणजे बोट असते आणि इस्पितळाचे दार पंधराव्या शतकातल्या संगमरवरी दर्शनी भिंतीतून उघडते. मात्र कुठेही गेलात तरी आधी परिचारिका रुग्णाची निकड ठरवते. लाल, नारिंगी, आकाशी, हिरवा, पांढरा असे पाच गट असतात आणि काही ठिकाणी रंगांऐवजी एक ते पाच आकडे वापरतात. साधा ताप हिरव्या किंवा पांढऱ्या गटात जातो आणि मग पाच-सहा तास बसावे लागणे नवलाचे नाही. नंतर आलेला आधी आत गेला म्हणून तक्रार करण्यात अर्थ नसतो. जाताना दोन्ही पासपोर्ट, विम्याचा कागद, नेहमीच्या औषधांची यादी, चार्जर, पाण्याची बाटली आणि एक शाल घ्यावी. सोबतच्या माणसाला बाहेर थांबवले जाण्याची शक्यता असते, म्हणून यादी आणि फोन रुग्णाच्या हातात द्यावेत. निघताना तपासणीचा अहवाल मागून घेतल्याशिवाय पायरी उतरू नये. त्यावाचून विम्याचे घोडे पुढे जात नाही.

विम्याबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण तो काढताना आपण फक्त व्हिसाचा विचार करतो. शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे इटलीसह युरोपातल्या बहुतेक देशांना चालणाऱ्या एकाच व्हिसासाठी, किमान ३०,००० युरोंचे संरक्षण लागते आणि त्यात तातडीचे उपचार, इस्पितळ आणि मायदेशी परत आणणे यांचा समावेश असावा लागतो. पण प्रत्येक दुखण्यात सुरुवातीची ठरावीक रक्कम आपण सोसायची, अशी अट पुष्कळ पॉलिसींत असते, त्यामुळे डॉक्टरांची एक भेट आणि औषधे यांतले फारसे काही हाती येत नाही. इस्पितळात दाखल व्हायची वेळ आली तर मात्र मदत क्रमांकावर आधी किंवा शक्य तितक्या लवकर कळवावे, कारण बिल कंपनीने थेट भरायचे असेल तर तिची संमती लागते. आम्हाला त्या क्रमांकावर पाऊण तास संगीत ऐकावे लागले. म्हणून फोनबरोबरच ईमेलही पाठवावा, म्हणजे कळवल्याची वेळ नोंदली जाते. मधुमेह, रक्तदाब यांसारखे जुने आजार पॉलिसी काढताना लपवू नयेत. जर्मनी, नेदरलँड्स किंवा आयर्लंडमध्ये राहणाऱ्या आपल्या मराठी मंडळींपैकी ज्यांच्याकडे युरोपीय आरोग्यविमा कार्ड आहे, त्यांना इटलीच्या सार्वजनिक सेवेत स्थानिकांसारखेच उपचार मिळतात. परंतु ते कार्ड खासगी डॉक्टर किंवा घरी परत नेण्याचा खर्च भागवत नाही, आणि भेटीला आलेल्या आई-वडिलांना त्याचा उपयोग नसतो.

खाण्याची चिंता मला सर्वांत जास्त होती आणि तीच सर्वांत सहज सुटली. पोट बिघडलेल्या माणसाने ‘इन बियांको’ खावे अशी इटलीत पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे. त्याचा अर्थ सॉस आणि मसाला नसलेले पांढरे अन्न. ‘रीझो इन बियांको’ एवढे म्हटले की खानावळीत दुसरे काही सांगावे लागत नाही. आमच्या गल्लीतल्या मालकाने यादीत नसतानाही तो भात करून दिला. मी तेल आणि चीज नको म्हटल्यावर त्याने मान डोलावली आणि भातासोबत उकडलेला बटाटा व लिंबाची फोड ठेवली. खोलीत स्वयंपाकाची सोय असेल तर बुटक्या दाण्याचा तांदूळ जास्त पाण्यात शिजवावा, आपल्या मऊ भाताच्या जवळ जाणारा भात होतो. दुकानात मिळणारे कुरकुरीत भाजके टोस्ट, साधे दही आणि फार्मसीतली जलसंजीवनीची पाकिटे यांवर दोन दिवस निघतात. नळाचे पाणी आणि रोमच्या रस्त्यांवरच्या ‘नाझोनी’ नावाच्या लोखंडी कारंज्यांचे पाणी पिण्याचेच असते.

सेवा करणाऱ्यानेही वेळेवर जेवावे आणि रोज तासभर बाहेर पडावे. रुग्णाला झोप लागली की फोन त्याच्या उशाशी ठेवून निघावे, आणि त्यात अपराधीपण मानू नये. कोलोसियमची तिकिटे नावानिशी असतात आणि ओळखपत्र पाहतात, त्यामुळे आजारी माणसाचे तिकीट दुसऱ्याला देता येत नाही. आपले मात्र वापरावे. आजारी माणूस ‘माझ्यामुळे सगळे बुडाले’ असे दिवसातून दहा वेळा म्हणतो, आणि तुम्ही खोलीत बसून राहिलात की अधिकच म्हणतो. घरी कळवताना उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक धरावा. तिकडे रात्री नऊला लावलेला फोन पुण्यात मध्यरात्रीनंतर वाजतो आणि म्हाताऱ्या माणसांच्या काळजात धस्स होते.

परतीचे दिवस जवळ आले आणि माणूस अशक्तच असेल तर विमान कंपनीला आधी विचारून डॉक्टरांकडून प्रवासाला हरकत नसल्याचा दाखला घ्यावा. प्रवास खरोखरच शक्य नसेल आणि व्हिसाची मुदत संपत असेल, तर ती संपण्यापूर्वी ‘क्वेस्तूरा’ या पोलीस कार्यालयात वैद्यकीय कागदांसह मुदतवाढीचा अर्ज करावा. अनिवार्य किंवा मानवतेच्या कारणासाठी अशी वाढ देण्याची तरतूद शेंगेनच्या नियमांत आहे आणि तिला शुल्क नसते. विमाही त्याच वेळी वाढवून घ्यावा. अडचण मोठी असेल तर रोममधला भारतीय दूतावास किंवा मिलानमधला वाणिज्य दूतावास गाठावा.

ताप उतरल्यावर पहिल्या दिवशी एकच जागा निवडावी, जवळची, सपाट रस्त्याची आणि बसायला ऐसपैस असलेली. आम्ही चौथ्या संध्याकाळी फ्लॉरेन्समधल्या सान्तिस्सिमा आन्नुन्झियाता चौकात गेलो. वास्तुविशारद ब्रुनेलेस्कीने अनाथ बालकांच्या आश्रमासाठी बांधलेल्या कमानींखाली रुंद पायऱ्या आहेत, तिथे ह्यांना शाल पांघरून बसवले आणि वर निळ्या गोलांतली दुपट्यात गुंडाळलेली बाळे ह्यांनी एक-एक करून मोजली. अर्ध्या तासाने आम्ही परतलो.