कानात आवाज येतो तेव्हा आधी काय करावे

कानात सतत शिट्टी वाजते, रातकिडे किरकिरतात किंवा वाफ सुटल्यासारखा आवाज येतो, अशी तक्रार करणारा माणूस बहुधा त्या आवाजाविषयीच बोलतो. ऐकू कमी येते का, असे विचारल्यास ‘छे, ऐकू उत्तम येते, हल्ली लोकच पुटपुटत बोलतात,’ असे उत्तर मिळते. वास्तविक कर्णनाद (कानात येणारा आवाज) आणि श्रवणऱ्हास (ऐकू कमी येणे) ही बहुतेक वेळा एकाच बिघाडाची दोन टोके असतात. म्हणून आवाज घालवण्याच्या मागे लागण्याआधी आपल्याला नेमके किती ऐकू येते, हे मोजून घेणे, ही पहिली पायरी आहे.

आंतरकर्णातील शंखाकृती नलिकेत केसांसारखे सूक्ष्म तंतू असलेल्या पेशी असतात आणि ध्वनीच्या कंपनांचे मज्जासंदेशात रूपांतर करण्याचे काम त्या करतात. वयोमान, मोठा आवाज किंवा काही औषधे यांमुळे त्या मेल्या, तर माणसाच्या शरीरात त्या पुन्हा तयार होत नाहीत. त्या पेशी ज्या स्वरपट्टीसाठी होत्या, तिच्यातले संदेश मेंदूपर्यंत येईनासे झाले, की स्टेशन नीट लागत नसताना रेडिओचा आवाज वाढवत गेल्यावर खरखरच मोठी व्हावी, तसे काहीसे श्रवणमार्गात घडते, असे मानले जाते. आवाज कानात येतो असे वाटले, तरी तो टिकवून धरण्यात मेंदूचा वाटा मोठा असतो आणि उपायांची दिशाही त्यावरूनच ठरते.

काही लक्षणांत मात्र थांबून चालत नाही. एका कानाने अचानक, म्हणजे काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत, ऐकू येईनासे झाले, तर सर्दीने कान बसला असेल असे समजून आठवडा घालवू नये. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे, कारण अशा बहिरेपणावर दिल्या जाणाऱ्या स्टेरॉइडचा उपयोग पहिल्या दोन आठवड्यांत सर्वाधिक होतो. फक्त एकाच कानात टिकून राहिलेला आवाज, नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडणारा आवाज, आवाजाबरोबर येणारी गरगर, कानातून वाहणारा पू किंवा डोक्याला मार लागल्यानंतर सुरू झालेला नाद यांचीही तपासणी लांबवू नये. चेहरा वाकडा होणे किंवा हातापायातले बळ जाणे असे काही जोडीला दिसले, तर थेट तातडीच्या विभागात जावे.

एरवी डॉक्टर प्रथम कानात पाहतात. कित्येकदा घट्ट बसलेला मळ एवढेच कारण निघते आणि तो काढल्यावर नाद कमी होतो. हा मळ बहुधा कापूस लावलेल्या काडीनेच आत ढकललेला असतो. कानात कोमट तेल घालण्याची घरोघरची रीतही सोडलेली बरी. पडद्याला छिद्र असेल, तर तेल आणि त्याबरोबर जंतुसंसर्ग थेट मध्यकर्णात पोहोचतो.

त्यानंतरची तपासणी म्हणजे किती ऐकू येते ते मोजणारी ऑडिओमेट्री. पुण्यात ससून रुग्णालयासारख्या सरकारी ठिकाणी आणि धनकवडीच्या भारती विद्यापीठाच्या वाक्-श्रवण महाविद्यालयासारख्या शिक्षणसंस्थेत ती करता येते. खासगी दुकानात ‘मोफत कानतपासणी’ करून घेणार असाल, तर तपासणारी व्यक्ती भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदलेली ऑडिओलॉजिस्ट (श्रवणतज्ज्ञ) आहे का आणि चाचणी ध्वनिरोधक खोलीत होते का, एवढे तरी विचारावे. रस्त्याच्या गोंगाटात घेतलेल्या चाचणीवरून हजारो रुपयांचे मशीन घेणे शहाणपणाचे नाही.

चाचणीचा कागद स्वतःला वाचता येणे उपयोगाचे असते. त्यावर डावीकडून उजवीकडे २५० ते ८००० हर्ट्झपर्यंत स्वराची उंची आणि वरून खाली डेसिबल, म्हणजे आवाजाची तीव्रता, मांडलेली असते. उजव्या कानाची नोंद लाल गोलांनी आणि डाव्याची निळ्या फुल्यांनी करतात. खुणा जितक्या खाली, तितके ऐकू कमी. या खुणा जोडणारी रेघ २० ते २५ डेसिबलच्या आत असेल, तर ती साधारणतः ठीक समजतात. वयोमानाच्या श्रवणऱ्हासात ती उजवीकडे उतरत जाते, तर कारखान्यातल्या प्रेस शॉपमध्ये (पत्रे ठोकण्याच्या विभागात) किंवा ढोलपथकात वर्षे काढलेल्यांच्या कागदावर बहुधा ४००० हर्ट्झच्या आसपास खळगा दिसतो. अ, आ, ओ यांसारख्या स्वरांची ताकद खालच्या पट्टीत असते, पण स, श, फ यांसारख्या व्यंजनांची वरच्या पट्टीत. त्यामुळे उजवीकडे घसरलेल्या रेघेच्या माणसाला मंडईत भाजीवाल्याचे ‘साठ रुपये’ हे ‘आठ रुपये’ असे ऐकू येते. आवाज येतो, पण शब्द कळत नाही, आणि मग दोष समोरच्याच्या पुटपुटण्याला जातो. रेघ अगदी ठीक असूनही नाद असू शकतो; एक कारण म्हणजे नेहमीची चाचणी ८००० हर्ट्झच्या पुढचे काही मोजत नाही.

श्रवणऱ्हास निघाल्यास श्रवणयंत्र हा कर्णनादावरचाही पहिला उपाय ठरतो: बाहेरचे आवाज पुन्हा पोहोचू लागले, की आतल्या आवाजाकडे लक्ष कमी जाते. यंत्र आपल्या कागदाप्रमाणे जुळवून घ्यावे, दोन्ही कानांनी कमी ऐकू येत असेल तर शक्यतो दोन्हींसाठी घ्यावे आणि विकत घेण्याआधी काही दिवस घरी वापरून पाहण्याची मुभा मागावी. पहिल्या आठवड्यात भांड्यांचा खणखणाट आणि स्वतःचाच आवाज नकोसा होतो. ते यंत्र कपाटात ठेवून देण्याचे कारण नव्हे; रोज थोडा थोडा वेळ वाढवत न्यावा आणि फेरजुळणीसाठी पुन्हा जावे. झिंक-एअर बॅटरीवरचा चिकट कागद काढल्यावर ती मिनिटभर उघडी ठेवून मग बसवावी. पुण्याच्या पावसाळ्यात यंत्र रात्री ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या डबीत ठेवावे.

नादाचा खरा जाच रात्री, घर निजल्यावर होतो. म्हणून पूर्ण शांततेत झोपण्याचा हट्ट सोडावा. पंखा, हळू लावलेला तानपुरा किंवा मोबाइलवरचा पावसाचा आवाज नादापेक्षा किंचित खालच्या पातळीवर ठेवावा. नाद पुरता झाकून टाकायचा नसतो, तर त्याकडे दुर्लक्ष करायला मेंदूला शिकवायचे असते, आणि झाकलेल्या आवाजाची सवय होत नाही. झोप उडाली असेल, चिंता किंवा निराशा वाढली असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडून वर्तन-विचार उपचार घ्यावेत. नाद मोजमापात तेवढाच राहिला, तरी त्याचा त्रास कमी करण्यात याच उपचारांना सर्वाधिक भक्कम पुरावा आहे.

कर्णनाद हमखास बरा करणारी गोळी आजवर निघालेली नाही. गिंको या झाडाचा अर्क, झिंक किंवा झोपेसाठी घेतल्या जाणाऱ्या मेलॅटोनिनची शिफारस करू नये, असे अमेरिकन कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या २०१४च्या मार्गदर्शिकेने स्पष्ट सांगितले आहे. उलट, चालू औषधांची यादी डॉक्टरांना जरूर दाखवावी: स्ट्रेप्टोमायसिन, अमिकासिन, जेंटामायसिन ही इंजेक्शने, कर्करोगावरचे सिस्प्लॅटिन आणि मोठ्या मात्रेतील ॲस्पिरिन कानाला बाधू शकतात. मात्र यांतले कोणतेही औषध स्वतःच्या मनाने थांबवू नये.

उरलेले ऐकू जपायचे, तर पुण्यात गणेशोत्सवाचा विचार टाळता येत नाही. ८५ डेसिबल आवाजात आठ तास ही सुरक्षिततेची बऱ्याच ठिकाणी मानली जाणारी मर्यादा आहे आणि दर तीन डेसिबलमागे हा वेळ निम्मा होतो. या हिशोबाने १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटे मिळतात, तर विसर्जन मिरवणुकीत लक्ष्मी रस्त्यावर ढोल-ताशा आणि स्पीकरच्या भिंतीपुढे लोक तासन्‌तास उभे असतात. निवासी भागासाठी २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांतील मर्यादा तर दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलच आहे. पथकातल्या मुलामुलींनी सरावापासूनच इअरप्लग वापरावेत. फोमचा प्लग बोटांत वळून बारीक करावा, दुसऱ्या हाताने कान वरच्या कडेला धरून वर आणि मागे ओढावा, प्लग आत सरकवावा आणि तो फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवावा. नुसता कापूस कोंबल्याने आवाज फारसा अडत नाही. वादनानंतर कान बधिर झाले किंवा नाद सुरू झाला, तर त्याच दिवशी पुन्हा ढोल उचलू नये. दुसऱ्या दिवशीही तो टिकला, तर तपासून घ्यावे.

घरच्यांनी आजोबांशी स्वयंपाकघरातून ओरडून बोलू नये, कारण ओरडल्याने स्वर मोठे होतात, व्यंजने नाहीत. समोर येऊन, तोंडावर उजेड पडेल असे उभे राहून, टीव्ही बंद करून, थोडे सावकाश बोलावे. एकदा कळले नाही, तर तेच वाक्य पुन्हा न म्हणता दुसऱ्या शब्दांत सांगावे. दोन्ही कानांचा ऱ्हास ६० डेसिबलच्या पुढे असेल, तर दिव्यांगत्व प्रमाणपत्रासाठी सरकारी रुग्णालयात चौकशी करावी आणि दिव्यांगांना साहाय्यक साधने देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेतून श्रवणयंत्र मिळू शकते का, हेही त्याच वेळी विचारून घ्यावे.